गिटार : एक वाद्य, दोन व्याकरणे

एकाच वाद्यावर शास्त्रीय आणि लोकप्रिय अशा दोन्ही पद्धतींचे वादन करणारा कलावंत आपल्या संगीतसमीक्षेला नेहमीच काहीसा अडचणीचा वाटत आला आहे. त्याच्याविषयी बहुधा दोनच प्रकारची विधाने केली जातात. एक, चित्रपटगीते वाजवून वाजवून त्याचा हात बिघडला. दुसरे, मुळात शास्त्रीय बैठक असल्यामुळे त्याची चित्रपटगीतेही गोड लागतात. पहिले विधान निंदेचे व दुसरे स्तुतीचे असले तरी दोहोंच्या बुडाशी एकच गृहीतक आहे. शास्त्रीय आणि लोकप्रिय या एकाच शिडीच्या वरच्या व खालच्या पायऱ्या होत; वरून खाली केव्हाही उतरता येते, परंतु खाली रमलेल्याला पुन्हा वर चढताना दम लागतो, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात गिटार या वाद्याच्या आधारे ते तपासून पाहावयाचे आहे. गिटारच निवडण्याचे कारण असे की, या वाद्याला आपल्याकडे कुळ नाही. सतारीला घराणी आहेत, सारंगीला कोठीचा आणि साथीचा इतिहास आहे. त्यामुळे त्या वाद्यांविषयी बोलताना आपण नकळत त्यांच्या प्रतिष्ठेविषयी बोलू लागतो. गिटार बाहेरून आली, आणि आली ती जवळजवळ एकाच काळात दोन दारांनी.

पहिले दार हवाई बेटांचे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकवण्याची पद्धत रूढ केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पद्धत ध्वनिमुद्रिकांतून आणि फिरत्या वाद्यवृंदांतून आशियात पसरली. ताऊ मो यांचे कुटुंब तर १९४०नंतरच्या दशकात कलकत्त्यास वास्तव्य करून होते. दुसरे दार गोव्याचे. तेथील चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण मिळालेले वादक पोटासाठी मुंबईस आले, हॉटेलांतील नृत्यवृंदांत वाजवू लागले आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत स्थिरावले. त्यांच्याबरोबर पडदे असलेली, उभी धरून वाजवावयाची स्पॅनिश गिटार आली. नाव एकच असले तरी ही दोन वाद्ये ध्वनीच्या दृष्टीने फार भिन्न आहेत, आणि या भेदाकडे दुर्लक्ष करून शास्त्रीय-लोकप्रियतेची चर्चा करू लागल्यास ती पहिल्याच पावलाला घसरते.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर पडद्याची गिटार ही व्यंजनप्रधान आणि कांडीची गिटार ही स्वरप्रधान आहे. स्पॅनिश गिटारीच्या दांडीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तक १२०० सेंटचे धरल्यास प्रत्येक पडदा १०० सेंटचा. आपला शुद्ध गंधार षड्जाशी जुळवून लावला असता ३८६ सेंटवर येतो. गिटारीचा पडदा तो ४००वर नेऊन ठेवतो. हा चौदा सेंटचा फरक काहींना नगण्य वाटेल, परंतु तंबोऱ्याच्या सान्निध्यात तो सामान्य श्रोत्यालाही टोचतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा चालू आहे, आणि तिचा सर्व रोख पेटीवर राहिला आहे. वस्तुतः पेटीपेक्षा गिटारीची स्थिती थोडी बरी आहे. पेटीचा स्वर जागचा हलत नाही. गिटारीची तार बोटाने बाजूला ओढून स्वर थोडा चढवता येतो. परंतु सतारीच्या उंच, वाकड्या पडद्यांवर चारपाच स्वरांची मींड एका ओढीत निघते, तशी गिटारीच्या सपाट दांडीवर निघत नाही. याउलट कांडीच्या गिटारीला पडद्यांचे बंधनच नाही. विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् यांच्यावर हेच तंत्र आपल्याकडे आधीपासून होते, म्हणून हवाई गिटार आपल्या कानाला परकी वाटली नाही. तिच्यात उणीव होती ती नाद टिकण्याची, आणि ती विजेच्या साहाय्याने भरून निघाली. ज्या विद्युत्करणाला आपण केवळ लोकप्रिय संगीताचे लक्षण समजतो, त्यानेच या वाद्याला आलापक्षम केले, ही गोष्ट मला तरी फार बोलकी वाटते.

आता ‘शास्त्रीय’ या शब्दाकडे वळू. मराठीत हा शब्द दोन अर्थांचे ओझे वाहतो. ‘शास्त्रीय दृष्टी’ म्हणताना आपण विज्ञानाविषयी बोलतो, आणि ‘शास्त्रीय संगीत’ म्हणताना एका विशिष्ट परंपरेविषयी. जुने लोक ‘रागदारी’, ‘उस्तादी गाणे’, ‘पक्के गाणे’ असे म्हणत. ‘पक्के’ या विशेषणाचे प्रतियोगी ‘कच्चे’ असले तरी त्यात निदान शिजण्याची शक्यता शिल्लक होती. ‘शास्त्रीय’चे प्रतियोगी ‘अशास्त्रीय’. ते कोणी उच्चारीत नाही, पण ते ऐकू येते. आकाशवाणीने उरलेल्या प्रांताला ‘सुगम’ हे नाव दिले. ते सौम्य आहे खरे. परंतु सुगम म्हणजे ज्यात जाणे सोपे ते, आणि ज्यात जाणे सोपे त्याला व्याकरण कशाला हवे, हा पुढचा तर्क आपोआप घडतो. या वर्गीकरणाचे परिणाम केवळ शब्दांपुरते राहिले नाहीत. पेटीला १९४० सालापासून आकाशवाणीवर बंदी होती, ती १९७१ मध्ये अंशतः उठली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे १९५२पासून चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार व्हावे लागले. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ साली विविधभारती सुरू करून शासनाला त्यांना परत बोलवावे लागले. लोकांच्या जिभेवरील भाषेला शिक्षणखात्याच्या आज्ञेने बंदी घातली असता जे घडते, तेच येथे घडले. अशोक दा. रानडे यांनी ‘कलासंगीत’ व ‘जनसंगीत’ या संज्ञा पुढे आणल्या, त्यामागे हीच अडचण असावी. त्या संज्ञांत श्रेष्ठकनिष्ठता नाही. संगीत कोणासाठी व कोणत्या प्रयोजनाने घडते याकडे त्या लक्ष वेधतात.

परंतु संज्ञा बदलल्याने सर्व गुंता सुटत नाही, कारण ‘क्लासिकल’ या युरोपीय कल्पनेची छाया आपल्या विचारावर अद्याप आहे. युरोपात क्लासिकल गिटार म्हणजे लिहिलेले संगीत. फ्रान्सिस्को तारेगा याने एक रचना कागदावर उतरवली. अंद्रेस सेगोव्हिया ती वाचून, अर्थ लावून वाजवतो. शिष्य त्याची बोटे पाहतो, पण प्रमाण मानतो ते कागदालाच. लोकप्रिय गिटार म्हणजे बहुतांशी कानाने उचललेले, मित्राच्या हाताकडे पाहून शिकलेले संगीत. तेथे शास्त्रीय हे लिखित व लोकप्रिय हे मौखिक. आपल्याकडे ही जोडी अगदी उलटी आहे. रागदारी मौखिक आहे. भातखंडे यांनी चिजा लिहून छापल्या तरी त्या केवळ सांगाडा पुरवतात, मैफलीत जे घडते ते कागदावर नसते. आणि लिखित संगीत आपल्याकडे कोठे आहे? चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संगीतसंयोजकांनी व वादकांनी जे स्वरलेखन तेथे रुजवले, त्याबरहुकूम व्हायोलिनचे ताफे आणि गिटारी वाजत होत्या. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत गिटारवादक कागद वाचून ‘लोकप्रिय’ संगीत वाजवीत असे, आणि शेजारचा सतारिया मनाने आलाप छेडून ‘शास्त्रीय’ रंग भरीत असे. यांपैकी युरोपीय अर्थाने क्लासिकल कोण आणि लोकप्रिय कोण? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नातील संज्ञा दुसऱ्या समाजाच्या मापाने बेतलेल्या आहेत. (गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करवल्या. त्यांचे कार्य मराठी संगीतसमीक्षेत जवळजवळ अनुल्लेखित राहिले याचे कारणही मला हेच दिसते. त्यांना कोणत्या कप्प्यात ठेवावे हेच आपल्याला कळले नाही.)

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली ‘डायग्लॉसिया’ ही संकल्पना मांडली. एकाच समाजात एकाच भाषेची दोन रूपे नांदतात, एक उच्च व एक नित्याचे. व्याख्यान एकात, घरगुती बोलणे दुसऱ्यात. आणि कोणत्या प्रसंगी कोणते वापरावे याविषयी समाजात एकवाक्यता असते. अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधील जर्मन आणि हैतीतील क्रिओल ही त्यांची चार उदाहरणे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. ही संकल्पना संगीताला लावून पाहण्याचा मोह सहज होतो. मैफल हे व्याख्यानपीठ, वरात हे घर. परंतु फर्ग्युसन यांच्या मांडणीत उच्च रूप कोणाचीही मातृभाषा नसते; ते शाळेत शिकावे लागते. संगीतात तसे नाही. घराण्यातील मुलाची मातृभाषा रागदारी असू शकते आणि चित्रपटगीत तो पुढे प्रयत्नपूर्वक शिकतो. शिवाय महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या दोन रूपांच्या मध्ये आपल्याकडे एक भरभक्कम तिसरे रूप उभे आहे. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून नाट्यपद हे रागदारीचे व्याकरण आणि लोकांची आवड यांच्या दरम्यानचे वाहन बनले. ‘मानापमान’ (१९११) करताना गोविंदराव टेंबे यांनी पूरब बाजाच्या ठुमरीतून चाली घेतल्या, त्या गावोगावच्या तालमींतून गायिल्या गेल्या आणि त्या गाणाऱ्यांना आपण खाली उतरलो असे कधी वाटले नाही. ज्या प्रदेशाची संगीतरुची अशा मध्यम रूपावर पोसली, त्या प्रदेशातील समीक्षकांनी गिटारवादकाकडून मात्र दोहोंपैकी एक पक्ष निवडण्याची अपेक्षा करावी, हे चमत्कारिक होय.

या पार्श्वभूमीवर १९६७ साली एच.एम.व्ही.ने काढलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकण्याजोगी आहे. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार; तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्मिती गो. ना. जोशी यांची. हे जोशी म्हणजे मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक, हे वाचकांना आठवत असेलच. भावगीत हे स्वतःच तीन मिनिटांच्या तबकडीत रागाचा गंध भरण्याचे शास्त्र होते. ते ज्याच्या गळ्यात बसले होते त्याने काश्मीरमधील मेंढपाळाच्या एका दिवसाची कल्पना घेऊन चाळीसेक मिनिटांची वाद्यसंगीताची तबकडी करवून घ्यावी, यात एक सलग सूत्र आहे. तिघा वादकांपैकी शर्मा व चौरसिया यांचा चित्रपटसंगीताशी निकटचा संबंध होता. शर्मा यांनी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) संतूर वाजवले होते, आणि पुढे ‘शिव-हरि’ या नावाने दोघांनी ‘सिलसिला’ला (१९८१) संगीत दिले. जोधपूरचे काब्रा हे अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटारीवर रागसंगीताचाच ध्यास घेतला होता. म्हणजे ज्या वाद्याला लोक सर्वांत ‘फिल्मी’ समजत, तेच या त्रयीतील सर्वांत कर्मठ वादकाच्या हाती होते.

या तबकडीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली तर नवल नाही. विलंबित आलाप नाही, रागाचा सविस्तर विस्तार नाही, संगीताला कथेचा आधार दिला आहे. म्हणून हे शास्त्रीय नव्हे, असे एक म्हणणार. गाणे नाही, शब्द नाही, ठेका धरून नाचता येत नाही. म्हणून हे लोकप्रियही नव्हे, असे दुसरा म्हणणार. पण ती जगभर ऐकली गेली, हे तर खरे. मला येथे गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या कुपवाडच्या अभ्यासाची आठवण होते. सांगलीजवळच्या या गावी कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यानुपिढ्या शेजारी राहिले. त्यांच्या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली की, एका भाषेतील वाक्याचे शब्दामागून शब्द बदलले की दुसरीतील वाक्य तयार व्हावे. परंतु शब्द मात्र निराळेच राहिले, कारण शब्दांवरून माणसाची जात आणि घर ओळखले जात असे. व्याकरण एकरूप, शब्दसंग्रह पृथक्. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त याच्या नेमके उलट घडले आहे. तेथे व्याकरण पृथक् ठेवले आहे आणि शब्दसंग्रह सामायिक केला आहे. अहिरभैरव हा अहिरभैरवाच्याच नियमाने चालतो, देसमधील निषादांची ये-जा देसचीच आहे. गिटारीला पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात जे स्वरसंघांचे काम मुख्यत्वे दिले जाते ते येथे तिच्याकडे जवळजवळ नाही, ती एकच स्वररेषा ओढते. लोकप्रिय संगीताकडून घेतले आहे ते बाहेरचे सामान : आटोपशीर अवधी, वाद्यांच्या रंगांची अदलाबदल, चित्रमय कल्पना, आणि खुद्द गिटारीचा आवाज.

निवडलेले रागही पाहावे. अहिरभैरव, नटभैरव आणि भूप सोडले तर पिलू आणि पहाडी हे ठुमरी, दादरा आणि धून यांच्या वस्तीतले राग. देसही ठुमरी-भजनाला जवळचा. म्हणजे येथेही मध्यम रूपाचाच आश्रय घेतलेला आहे. माझ्या मते या तबकडीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही यातच आहेत. पिलूत आणि पहाडीत ती निःशंक बोलते, कारण त्या रागांना थोडक्यात बोलण्याची सवय आहे. भूपात मात्र काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते. पाच स्वरांच्या त्या रागाची भव्यता अवकाशातून येते, आणि तबकडीला तो अवकाश परवडत नाही. काब्रांच्या गिटारीची मींड तेथे एखाद्या लांब वाक्याला हात घालते आणि वाक्य पुरे होण्याच्या आत पाळी दुसऱ्या वाद्याकडे जाते.

आता ज्यांनी खरोखर दोन्ही भाषा बोलल्या त्यांच्याकडे वळू. अमेरिकन गिटारवादक चार्ली बर्ड याने १९५४ साली सेगोव्हियापाशी अध्ययन केले आणि १९६२ साली स्टॅन गेट्झबरोबर ‘जाझ सांबा’ ही तबकडी केली. त्याने जाझसाठी निराळी गिटार घेतली नाही. क्लासिकल गिटारीच्याच नायलॉनच्या तारा आणि उजव्या हाताची तीच बोटे. परिणामी त्याच्या जाझला एक हेल आहे. उरिएल वाइनरायख यांनी १९५३ साली भाषासंपर्काविषयीच्या ग्रंथात ज्याला परस्परहस्तक्षेप म्हटले, ते हेच : पहिल्या भाषेच्या उच्चारसवयी दुसरीत उतरणे. हा हेल दोष मानावा काय? नागपूरकडील मराठीत हिंदीचा आणि सोलापूरकडील मराठीत कन्नडचा हेल असतो. त्याला दोष म्हणणारे आपल्यात आहेत, पण ते भाषाशास्त्र करीत नाहीत. आपल्याकडे भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) यांचे उदाहरण याहून रोचक आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ‘दम मारो दम’ (१९७१) आणि ‘चुरा लिया है तुमने’ (१९७३) या गीतांच्या आरंभी ऐकू येणारी गिटार त्यांची. तोच माणूस गझल गातो तेव्हा गिटार बरोबर घेतो, परंतु तिला निराळे बोलावयास लावतो. ती चमकत नाही, शब्दांच्या मागे राहून जागा सोडते. हा हात बिघडलेला नव्हे. कोणत्या घरात कोणती भाषा बोलावी हे जाणणाऱ्या द्वैभाषिकाचा हा हात आहे.

यावरून समीक्षेला एक कसोटी हाती लागते. दोन्ही शैली वाजवणाऱ्याला ‘तू कोणत्या शैलीत श्रेष्ठ?’ असे न विचारता, ‘एका शैलीचा नियम तू दुसरीत कळत आणतोस की नकळत?’ असे विचारावे. जो नकळत आणतो त्याचे दोन्ही वादन पुसट होते. रागात उगीच स्वरसंघ ठोकणारा आणि चित्रपटगीतात प्रत्येक ओळीला तान जोडणारा, हे दोघे सारखेच अडखळतात. आपण मात्र पहिल्याला भ्रष्ट आणि दुसऱ्याला विद्वान म्हणतो. व्ही. एम. भट्ट व राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) ही तबकडी या कसोटीला उतरते. दोघेही कांडी सरकवणारे, दोघेही मौखिक परंपरेतले. त्यांना एकमेकांचे व्याकरण उसने घ्यावे लागले नाही, उच्चार आधीच जुळत होते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’हून ही भेट अधिक सहज आहे, पण तिच्यात धोकाही कमी होता.

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न गिटारीपेक्षा बेंजोच्या रूपाने समोर येतो. ज्याला येथे बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकन बॅंजोशी काही संबंध नाही. १९१२ साली जपानातील नागोया येथे मोरिता गोरो याने तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. बुलबुलतरंग हे त्याचे भारतीय नाव. डाव्या हाताने टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबावयाच्या आणि उजव्या हातातील पत्तीने तारा छेडावयाच्या. विजेवर चालणारा हा बेंजो वरातीत, गणपतीच्या आणि जयंतीच्या मिरवणुकीत गळ्याची जागा घेतो. कळांमुळे मींड अशक्य. म्हणून चांगला वादक दोन शेजारच्या कळा वेगाने आलटून पालटून आणि पत्तीचा कंप देऊन मींडीचा आभास निर्माण करतो. ध्वनिसंहतीत जो वर्ण नाही तो दोन वर्णांच्या संयोगाने सुचवावा, असे हे आहे, आणि ज्या भाषाभ्यासकाला त्यात व्याकरण दिसत नाही त्याने नगरी बोलीतील ‘व्हतं’लाही अशुद्ध लेखन समजून तांबडी रेघ मारावी. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी हे वाद्य आहे, एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी विषय सुचवताना मात्र त्यांना ते सांगण्याचा संकोच वाटतो, कारण ‘शास्त्रीय’ या शब्दाचा दुसरा अर्थही त्यांच्या मनात असतो : जे शास्त्रीय नाही त्याचा शास्त्रीय अभ्यास कसा होणार?

अभ्यास क्रियापदांपासूनही सुरू करता येईल. मराठीत राग मांडतात, गिटारीवर कॉर्ड धरतात, गाणे बसवतात. तिन्ही क्रिया वादनाच्याच, पण मांडणाऱ्याजवळ जागा आणि वेळ लागतो, धरणाऱ्याला बोटांचा आकार लागतो, आणि बसवणाऱ्याजवळ आधीच तयार असलेले काहीतरी असावे लागते. बेंजोवादक ‘बसवतो’ म्हणतो. सप्तकाची पट्टी सांगताना तो ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पाच’ म्हणतो. ही परिभाषा पेटीच्या कळांवरून आलेली असून ख्यालगायकही तीच वापरतो. हाच वादक एकादशीला भजनी मंडळात बसला की पट्टी उतरवून घेतो, आवाज कमी करतो, पखवाजाच्या मागून चालतो, आणि काय करता असे विचारले तर ‘वाजवतो’ किंवा ‘बसवतो’ न म्हणता ‘साथ करतो’ म्हणतो.